ओटा निघणार नाही

"आई, एक विचारू का? रागावणार नाही ना?" असं जावई म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की रागवायची वेळ आलेली आहे. जे विचारल्याने राग येणार नसतो, ते विचारायला माणसं परवानगी मागत नाहीत.

तो स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल घेऊन उभा होता. मी भाकऱ्या भाजत होते. बाहेर माझी लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिला सातवा सरत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे लोणावळ्याला, हे कधीचं ठरलं होतं. ठरवायचं काय त्यात? पहिलं माहेरीच असतं.

"हा ओटा ग्रॅनाइटचा आहे ना?" जावयाने विचारलं.

"हो. का?"

"ग्रॅनाइटमधून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण फुप्फुसांना वाईट. मी बरंच वाचलंय त्यावर. तान्हं बाळ अशा घरात..."

वाक्य अर्धं सोडायची त्याला सवय आहे. उरलेलं आपण भरायचं.

"अशा घरात काय?"

"म्हणजे दोन पर्याय आहेत. हा ओटा काढून क्वार्ट्झचा बसवू, मी माणसं पाठवतो. नाहीतर तिला आमच्याकडे वाकडलाच राहू दे. माझी आई येईल सांगलीहून."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ओटा काढायला निघाला होता, तोही माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून, आणि नाही काढला तर लेक मिळणार नव्हती.

"ओटा निघणार नाही," मी म्हटलं. "आणि माझी लेक इथेच बाळंत होणार. दोन्ही होणार. बसा, भाकरी गरम आहे तोवर खाऊन घ्या."

बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला. आमच्या संसारात ह्यांनी पेपरामागून बरीच युद्धं पाहिलेली आहेत.

आता त्या ओट्याबद्दल सांगते, नाहीतर म्हणाल एका दगडासाठी बाई एवढी का भांडते. आधी आमच्याकडे कडप्पा होता. कडप्पा तेल पितो, हळद पितो, लिंबू पिळलं की पांढरे डाग पडतात. मी शाळेत शिकवून घरी यायची आणि तो ओटा घासत बसायची. घासून घासून तो उजळला नाही, माझी बोटंच खरखरीत झाली. पुढे घर वाढवायचं ठरलं, तेव्हा ह्यांच्या मनात होतं की बाहेरच्या खोलीला चांगली फरशी टाकावी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल. मी म्हटलं, येणारे-जाणारे फरशीवर किती वेळ असतात आणि मी ओट्याशी किती वेळ असते, ते बघा. मला काळा ग्रॅनाइट पाहिजे. घरात मी हट्ट धरून घेतलेली ती पहिली वस्तू. त्या ओट्याची उंचीसुद्धा मी माझ्या कोपराला मोजून घेतली. दगड बसवणारा म्हणाला, एवढी ठेवत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही स्वयंपाक करणार आहात का? लेक लहानपणी त्याच ओट्यावर बसून पाढे म्हणायची आणि मध्येच शेंगदाणे पळवायची. उकळतं पातेलं सरळ त्यावर ठेवते मी. काही होत नाही.

आणि रेडॉन मला माहीत नव्हता असं नाही. मी उभा जन्म मुलींना विज्ञान शिकवलं. आवर्तसारणीतला शेवटचा उभा रकाना, त्यातला तळाकडचा. राजवायू. कुणाशी बोलत नाही, कुणात मिसळत नाही. परीक्षेत तो फारसा येत नसे, म्हणून मुली त्याचं नाव विसरायच्या आणि मी त्यांना पुन्हा लिहायला लावायची. तो युरेनियमच्या पोटातून येतो आणि युरेनियम जरा जरा सगळ्या दगडांत असतं, मातीत असतं, विटांत असतं. मग विटा काढा. माती काढा. सह्याद्री उचला आणि सांगलीला नेऊन ठेवा.

हे सगळं मी जावयाला म्हटलं नाही. भांड्यांना म्हटलं. भांडी जरा जास्तच वाजली त्या दिवशी.

तरी मनात किडा शिरलाच. शिक्षिकेची खोड आहे ती, उत्तर येत असलं तरी पुस्तक उघडून बघायचं. तळेगावला लग्नाला गेले होते, तिथून परतताना जुन्या हायवेवरच्या एका दगडांच्या दुकानात शिरले. मालक तरुण, बोलायला गोड. रेडॉन म्हटल्याबरोबर तो मला थेट क्वार्ट्झच्या पाट्यांपाशी घेऊन गेला.

"हे एकदम रेडॉन फ्री, मॅडम."

"हा शब्द तुम्हाला कधीपासून माहीत?"

"आजकाल कस्टमर विचारतात."

"आणि तो पलीकडचा काळा ग्रॅनाइट? त्यात रेडॉन आहे?"

तो जरा घुटमळला. काळ्याचाही ढीग त्याचाच होता. "तसं त्याच्यातही काही नसतं, मॅडम. आम्ही पण घरी तोच बसवलाय. पण भीती वाटत असेल तर क्वार्ट्झ घ्या."

भीती वाटत असेल तर. मी त्याला नमस्कार केला आणि बाहेर पडले. भीती विकायला ठेवलेली असते आणि तिचा माल वेगळ्या रंगात मिळतो, एवढं त्या दुकानात कळलं.

घरी येऊन लेकीला फोन केला. म्हटलं, तुमच्या वाकडच्या फ्लॅटमधला ओटा कशाचा आहे गं? ती हसायला लागली. "काळा ग्रॅनाइटच आहे की, आई. बिल्डरने सगळ्या मजल्यांना तोच दिलाय." मी म्हटलं, दे नवऱ्याला फोन. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मी जावयाला म्हणू शकत नाही, म्हणून नुसतं विचारलं, "मग तुमच्या ओट्याचं काय?"

"तो आम्ही बदलतोय, आई," तो शांतपणे म्हणाला.

 माणूस खोटा नव्हता. घाबरला होता. पण मी तेव्हा ते मान्य करायला तयार नव्हते.

पुढच्या रविवारी तो एक डबी घेऊन आला. ऑनलाइन मागवलेली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी, तोंडावर आकड्यांची खिडकी. ती हवेतला रेडॉन मोजते म्हणे. लगेच सांगत नाही, एका जागी काही दिवस ठेवावी लागते, आणि आकडा त्याच्या मोबाइलवरही दिसतो. त्याने अट सांगितली: आकडा कमी आला तर ओटा राहील आणि लेक इथे येईल. जास्त आला तर ती वाकडला राहील.

"चालेल," मी म्हटलं. "ठेवा. अगदी ओट्याला चिकटवून ठेवा."

त्याने डबी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. तो गेल्यावर मी स्वयंपाक नेहमीसारखा केला. फोडण्या दिल्या, खिडकी नेहमीसारखी उघडी ठेवली. आमच्याकडे पावसाळ्यात ढग घरात येतात, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, पण स्वयंपाकघराची ती खिडकी मी कधी लावत नाही. मिरचीचा ठसका कोण सोसणार? हे जाता-येता डबीकडे वाकून बघायचे आणि म्हणायचे, "कमी आहे गं." मी म्हणायची, "असणारच."

आठवडा संपत आला तरी आकडा कमीच राहिला. मी जावयाला फोन केला. त्यानेही पाहिलं होतं. "हो आई, ठीक आहे," म्हणाला. आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं. मी त्या दिवशी गोडाचा शिरा केला, देवाला आणि ओट्याला दोघांनाही दाखवला.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला खाज. जिंकलं की माणसाला आणखी जिंकावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात आमच्या वन्सं आल्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. शिरगावच्या पलीकडे त्यांची शेती आहे. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातांखालून गेलेली. आमच्या लेकीचं त्यांनीच करायचं, असं त्यांनी ती पोटात होती तेव्हापासून सांगून ठेवलं होतं. येताना कोळशाचं पोतं आणलं, गोवऱ्या आणल्या, ओवा, शेपा, वेखंड. आणि आल्या आल्या बाळंतिणीची खोली तयार करायला घेतली.

आमची मागची खोली, डोंगराच्या अंगाला असलेली. खाली जुनी शहाबादी, सांध्यांमधून चिरा गेलेल्या. वन्संनी खिडकी लावली. फटींत चिंध्या कोंबल्या. वरून वर्तमानपत्रं खळीने चिकटवली. त्यावर गोधडी टांगली. दाराच्या खाली पोतं गुंडाळून ठेवलं. कोपऱ्यात शेकाची शेगडी मांडली. म्हणाल्या, "आता सुईएवढं वारं आत याचं न्हाई. बाळंतिनीला वारं लागलं का जलमभर कंबर धरून बसती."

मी त्यांना लागतील तशा चिंध्या फाडून देत होते. माझं बाळंतपणही असंच अंधारात झालं होतं. आणि खरं सांगू, कोंडलेल्या खोलीत कोळसा पेटवू नये, हे मी मुलींना फळ्यावर शिकवलेलं. पण शाळेत विज्ञान आणि घरात वन्सं, अशी माझी वाटणी होती. त्या आमच्या घरात मोठ्या.

तर मला वाटलं, ही डबी या खोलीत ठेवावी. घरातली सगळ्यात जपलेली, बंद, सुरक्षित खोली. इथे तर आकडा आणखी खाली येईल. मग जावयाला सांगेन, बघा, बाळ जिथे राहणार तिथे तुमच्या फ्लॅटपेक्षा चांगली हवा आहे. ठेवली डबी पलंगाजवळ आणि दार ओढून घेतलं.

दोन-चार दिवसांनी सकाळी फोन वाजला. जावई.

"आई, आकडा खूप वर गेलाय. मी म्हणालो होतो ना? ओटाच असणार तो."

मी चप्पल न घालता मागच्या खोलीत गेले. दार उघडलं. डबीवरचा आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. त्या क्षणी मला एक गोष्ट सहज करता आली असती. डबी उचलायची, ओट्यावर ठेवायची, खिडकी उघडी आहेच, दोन दिवसांत आकडा खाली, यंत्र बिघडलं होतं म्हणायचं. कुणाला कळलं असतं? पण मी भांडखोर आहे, लबाड नाही.

"ओट्यावर नाहीये डबी," मी म्हटलं. "बाळंतिणीच्या खोलीत आहे. तिथे ग्रॅनाइटचा तुकडासुद्धा नाही."

 मग तो म्हणाला, "म्हणजे तिला ठेवणार होतात त्या खोलीत?"

"हो."

"मग आई, आता मी काय बोलू?" आणि त्याने फोन ठेवला.

मी तिथेच पलंगावर बसले. डोकं भणभणत होतं, पण चालत होतं. वायू जमिनीतून येतो. चिरांमधून येतो. घरात कुठूनही जरा जरा येतो आणि खिडकीतून निघून जातो. इथून तो जाणार कुठून? आम्ही त्याला चिंध्या, खळ आणि गोधडी लावून आत कोंडला होता. जावई ओट्याला झोडपत होता आणि मी ओट्याची बाजू लढवत होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोघांनीही मागच्या खोलीचं दार उघडून बघितलं नव्हतं.

उठले आणि गोधडी ओढून काढली. वर्तमानपत्र फाडलं. खळ चांगली घट्ट लागली होती, नखं दुखली. आवाजाने वन्सं आल्या.

"आगं, काय करतीस हे? याड लागलं का तुला?"

"खिडकी उघडतेय, वन्सं."

"आन वारं लागलं म्हंजी?"

"लागू दे. थोडं वारं लागलेलं चालेल. ही कोंडलेली हवा नाही चालणार. आणि शेगडी या खोलीत पेटणार नाही. शेक द्यायचा तर बाहेर पडवीत निखारे करून आणायचे आणि शेक झाला की लगेच बाहेर न्यायचे."

"ते डबडं सांगतंय व्हय तुला?" त्यांनी डबीकडे हात केला. "वारं डबड्याला लागत न्हाई, बाळंतिनीला लागतं. आमी लय बाळंतपनं केली. एक बाई न्हाई गेली माज्या हाताखालनं. आमी काय खुळं हाय व्हय?"

"खुळं कोण म्हणतंय तुम्हाला? तुमच्या हातांचं काही चुकत नाही. या खिडकीचं चुकतंय. तुमच्या गावच्या घराला वर कौलं आहेत, कुडाला फटी आहेत. तिथे दार लावलं तरी हवा फिरते. ही सिमेंटची पेटी आहे, वन्सं. ही लावली की लागतेच."

"मंग मी न्हाई ऱ्हायची हितं," त्या म्हणाल्या आणि पडवीत जाऊन पिशवी भरायला लागल्या. एकेक लुगडं घडी करून ठेवायच्या. हे पेपर घेऊन माझ्याकडे आले, वन्संकडे गेले, पुन्हा माझ्याकडे आले आणि शेवटी पेपर घडी करून काखेत धरून मध्येच उभे राहिले. मी हटले नाही. उभ्या जन्मात वन्संपुढे तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी उघडलं ते मिटायला तयार नव्हतं. एका बाजूने जावई, दुसऱ्या बाजूने नणंद, आणि मध्ये माझी लेक कुठे बाळंत होणार हेच कळेना.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. लेकीचा. शेजारी जावई. मी सांगायला लागले, की खिडकी उघडली आहे, दोन दिवस थांबा, आकडा खाली येतो की नाही बघा. जावई म्हणाला, आई, प्रश्न फक्त आकड्याचा नाहीये. वन्सं पडवीतून ओरडल्या, सांग त्येला, तुजी सासू ऐकंना मोठ्या मान्साचं. मी म्हटलं, वन्सं, मी बोलतेय ना? तिघं एकदम बोलत होतो.

"गप्प बसता का सगळे?" लेक म्हणाली.

ती असं कधी बोलत नाही. माझ्यावर गेलेली नाही, ह्यांच्यावर गेलेली आहे. 

"ओटा, दगड, वारा, डबी. महिनाभर हेच चाललंय. मला एकदा तरी कुणी विचारलंय? मला रात्री झोप लागत नाही. मला भीती वाटतेय. रेडॉनची नाही. बाळंतपणाची. ते दुखणं कसं असेल, मला जमेल का, बाळ नीट असेल का, ह्याची. आणि तुम्ही मला कुठल्या खोलीत ठेवायचं ते ठरवताय." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मी उद्या येतेय. खिडकी उघडी राहणार. ओटा राहणार. आत्या, तुम्ही पण राहणार, तुमच्या हाताशिवाय मला मालिश नको. आणि तू," हे नवऱ्याला, "मला गाडीतून सोडायला येणार. नाही आलास तर मी स्वतः चालवत येईन."

जावयाने मान खाली घातली आणि हो म्हणाला. वन्संनी पिशवीतलं लुगडं बाहेर काढलं, झटकलं आणि मला विचारलं, "खिरकीपासनं पलंग लांब सरकवू का?"

"सरकवू," मी म्हटलं. दोघींनी मिळून पलंग आतल्या भिंतीला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं आले. उर्सेच्या टोलला गाड्या तुंबल्या होत्या म्हणून उशीर झाला होता, आणि लेकीचे पाय सुजले होते. जावयाने बॅगा आत ठेवल्या, डबी बघितली, आकडा खाली येऊ लागला होता. तो मोबाइल खिशात घालून स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. त्याला मी आधी चहा दिला, ह्यांना नंतर. आमच्याकडे ही माघारच समजतात, आणि ती दोन्हीकडून झाली होती.

जेवणं झाल्यावर लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. जाडजूड केस, लहानपणापासून विंचरताना रडवणारे.

"आई," ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुला माझ्या वेळी भीती वाटली होती?"

मी कुणाला भीत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या वेळा म्हटलंय की घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. शाळेत म्हटलं, सासरी म्हटलं, त्या दगडवाल्याच्या दुकानातून बाहेर पडतानाही मनात म्हटलं. तेच तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"वाटली होती," मी म्हटलं. "खूप वाटली होती. इतकी, की पळून जावंसं वाटत होतं. कुणाला सांगितलं नाही."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मग मला सांग," ती म्हणाली.

आणि मी सांगायला बसले.